उपयोजित मानवशास्त्रातील पीएच.डी. : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मानवशास्त्राच्या अभ्यासक्रमांची माहिती दिल्यानंतर नागपूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख डॉक्टरेटकडे आहे आणि तीही उपयोजित मानवशास्त्रातील, म्हणजे माणसांच्या जगण्याचा जवळून अभ्यास करून तो आरोग्य, शिक्षण, पुनर्वसन, वनहक्क अशा प्रत्यक्ष प्रश्नांच्या कामी आणणाऱ्या शाखेतील. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नागपुरातून एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) केले असून गेली काही वर्षे एका स्वयंसेवी संस्थेतर्फे गडचिरोली जिल्ह्यात स्त्रियांच्या आरोग्यावर काम करते आहे. वय ३३ आहे. 'आदिवासी स्त्रियांचे आरोग्य' या विषयावर उपयोजित मानवशास्त्रात पीएच.डी. करावी असे मनात आहे. मानवशास्त्राची पदवी नसताना प्रवेश मिळेल का? नोकरी सांभाळून हे होईल का? सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपण सुरुवातीविषयी शेवटी विचारले आहे, पण मी उत्तर तेथूनच देतो, कारण प्रवेश, मार्गदर्शक आणि विद्यावेतन या तिन्ही गोष्टी आपला प्रश्न नेमका काय आहे यावर अवलंबून राहतील. 'आदिवासी स्त्रियांचे आरोग्य' हे एका आयुष्याचे कार्यक्षेत्र आहे, प्रबंधाचा विषय नव्हे. आपण ज्या भागात काम करता तेथे माडिया गोंडांच्या गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी राहायचे कुर्माघर असते. त्याविषयी बाहेरून दोनच उत्तरे येतात : एक, ही प्रथा अमानुष आहे, झोपड्या पाडून टाका, दुसरे, झोपड्यांच्या जागी पक्क्या खोल्या, पलंग, पाणी आणि शौचालय द्या. दोन्ही उत्तरे देणारे चांगल्या हेतूने बोलतात. मानवशास्त्राच्या विद्यार्थिनीने मात्र त्याआधीच्या प्रश्नांकडे जायला हवे. कुर्माघरात कोण जाते आणि कोण जाण्याचे टाळते? नोकरी करणारी आशा कार्यकर्ती किंवा आश्रमशाळेत शिकून आलेली मुलगी काय करते? जेवण कोण आणून देते? रोवणीच्या दिवसांत शेतावर जायचे की नाही, हे कोण ठरवते? रात्री ताप आला तर निरोप कोणाकडे आणि कसा जातो? पक्की खोली बांधली तर प्रथा सुसह्य होते की अधिक घट्ट होते? आणि या सगळ्यांत, ज्या स्त्रिया तेथे राहतात त्यांना स्वतःला काय बदललेले हवे आहे? यांपैकी एक प्रश्न, एक-दोन गावे आणि एक पूर्ण वर्ष एवढे घेतले तरी प्रबंध उभा राहतो. शिवाय त्याचे निष्कर्ष जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि आपल्या संस्थेला वापरता येतात.

पूर्ण वर्षाचा आग्रह मी जाणीवपूर्वक धरतो. मोहफुलांच्या दिवसांतले गाव वेगळे, तेंदूपत्त्याच्या हंगामातले वेगळे, पावसाळ्यात रस्ता तुटल्यानंतरचे वेगळे आणि धान घरात आल्यानंतरचे वेगळे. कामाचा भार, हातातला पैसा, जेवणातले पदार्थ, दवाखान्यापर्यंतची वाट, सारेच ऋतूप्रमाणे बदलते. दिवाळीच्या सुट्टीत प्रश्नावल्या भरून आणणाऱ्या अभ्यासात यांतले काहीच उमटत नाही. प्रश्नावलीला माझा विरोध नाही. पण ती गावात राहून, लोकांचे शब्द ऐकून तयार केलेली असली तरच तिच्यातल्या आकड्यांना अर्थ येतो. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्यावे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची पाहणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा वा लैंगिक आजाराचा त्रास असल्याचे दिसले आणि आधी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. ते वैद्यकीय संशोधन होते. तरीही गर्भारपणाच्या आणि कुटुंबनियोजनाच्या पलीकडे खेड्यातील स्त्रीला कोणता त्रास आहे, हा प्रश्न तोवर फारसा कोणी विचारलाच नव्हता. उपयोजित मानवशास्त्राचे बळ असेच, न विचारलेला प्रश्न ओळखण्यात आहे आणि गावात वर्षानुवर्षे वावरलेल्या कार्यकर्तीला तो ओळखण्याची संधी विद्यापीठात बसलेल्या माणसापेक्षा अधिक असते. आपला अनुभव हीच आपली मोठी पात्रता आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याला माडिया कितपत येते, हे आपण लिहिलेले नाही. ती द्रविड कुळातील भाषा आहे. मराठीच्या जोरावर ती समजत नाही. दुभाषा घेतला तर तो बहुधा गावातला शिकलेला तरुण असतो आणि स्त्रियांच्या शरीराविषयीचे बोलणे त्याच्यासमोर होत नाही. झालेच तर गाळून, आटोपशीर होऊन आपल्यापर्यंत येते. मराठी बोलणारी एखादी स्त्री दुभाषी मिळाली तरी ती कोणाची सून आहे, कोणाशी तिचे बोलणे बंद आहे, याचा परिणाम होतोच. नोंदणीच्या आधीचे सहा-आठ महिने भाषेसाठी राखून ठेवावेत, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पीएच.डी.च्या सुरुवातीला जो सक्तीचा अभ्यासक्रम, म्हणजे कोर्सवर्क, असतो त्यात हे कोणी शिकवणार नाही.

आता प्रवेशाकडे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ मधील नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रीमीलेअर), दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सवलत आहे. मानवशास्त्राच्या पीएच.डी.साठी समाजकार्य हा संलग्न विषय मानायचा की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या नियमांत ठरवते, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी माहितीपत्रकातील पात्रतेचा रकाना नीट वाचावा. नागपूरहून जवळ वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात मानवविज्ञान विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठात, तसेच सागर, रायपूर आणि हैदराबाद येथील विद्यापीठांतही हे विभाग आहेत. मानवशास्त्रात प्रवेश मिळाला नाही तर निराश होऊ नये. समाजकार्य किंवा समाजशास्त्र या विषयात नोंदणी करून, दुसऱ्या संस्थेतील मानवशास्त्रज्ञाला सहमार्गदर्शक म्हणून घेण्याची सोय याच नियमांत आहे आणि आपल्या बाबतीत मला तोच मार्ग अधिक सरळ वाटतो. आपल्याकडे पदवीवर 'उपयोजित' हा शब्द क्वचितच छापला जातो. काम उपयोजित आहे की नाही, ते प्रबंधातून कळते.

नोकरी सांभाळून, म्हणजे अंशकालीन पीएच.डी.ला नियमांत परवानगी आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि किमान १२ क्रेडिटचे कोर्सवर्क पूर्ण करावेच लागते. दूरशिक्षणाने किंवा केवळ ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. करता येत नाही. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात आणि स्त्रियांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. मात्र वयाचा एक मुद्दा तातडीचा आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणाऱ्या जे.आर.एफ. या संशोधन विद्यावेतनासाठी वयोमर्यादा ३० वर्षे असून स्त्रियांना पाच वर्षांपर्यंत सूट मिळते. आपण ३३ वर्षांच्या आहात, म्हणजे हाती थोड्याच परीक्षा उरल्या आहेत. पूर्णवेळ संशोधन करायचे असेल तर नेटचा अर्ज याच वर्षी भरावा. जे.आर.एफ. आणि पगार दोन्ही एकदम घेता येत नाहीत, त्यामुळे घरच्यांशी आणि संस्थेशी आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे.

आणखी एक गुंता आहे तो संस्थेचा. आपण ज्या संस्थेच्या कार्यकर्त्या म्हणून गावात ओळखल्या जाता, तिच्याच कामाचे मूल्यमापन प्रबंधात येणार असेल तर स्त्रिया आपल्याला कौतुकाची उत्तरे देतील. म्हणून क्षेत्रकार्यासाठी संस्थेचे काम नसलेले गाव घ्यावे किंवा संस्थेकडून लेखी हमी घ्यावी की निष्कर्ष प्रतिकूल निघाले तरी ते प्रसिद्ध करता येतील. ही हमी तोंडी असून चालत नाही.

प्रश्न : मी गोंड समाजातील आहे. नागपुरात वसतिगृहात राहून समाजशास्त्रात एम.ए. केले. आमच्या भागातील आश्रमशाळा आणि गोंडी भाषा यांवर पीएच.डी. करायची आहे. एका प्राध्यापकांनी सांगितले की स्वतःच्या समाजाचा अभ्यास करणारा तटस्थ राहू शकत नाही, म्हणून दुसरा विषय घ्यावा. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : ते मला मान्य नाही. मानवशास्त्रज्ञ टी. एन. मदन यांनी काश्मिरी पंडितांच्या कुटुंबव्यवस्थेवर काम केले तेव्हा ते स्वतः त्याच समाजाचे होते आणि तो अभ्यास आजही भारतीय मानवशास्त्रात मानाने वाचला जातो. इरावती कर्वे आयुष्यभर महाराष्ट्राविषयी लिहीत राहिल्या. मग गोंड तरुणाने गोंडांविषयी लिहिले तर तेवढ्यापुरताच तटस्थतेचा प्रश्न का निघावा? बाहेरून येणारा अभ्यासकही रिकाम्या मनाने येत नाही. तो आपले शिक्षण, आपली जात, आपली शहरी सवय घेऊनच येतो. फरक एवढाच की त्याच्या पूर्वग्रहांची चौकशी सहसा होत नाही.

तरीही प्राध्यापकांच्या म्हणण्यातला एक भाग मनावर घ्यावा. आपल्याला जे सहज माहीत आहे, ते आपल्या नजरेला पडत नाही. कोणत्या घरी कोण बसते, कोणाला कसे बोलावतात, पोर शाळेतून पळून आले तर आजी काय म्हणते, हे आपण लिहूनच ठेवणार नाही, कारण त्यात लिहिण्यासारखे काय आहे असे वाटेल. यावर चांगला उपाय म्हणजे घरापासून दूरचे, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातील गाव निवडणे. भाषा आपलीच राहील, नातेवाईक राहणार नाहीत. तेथील बोली थोडी वेगळी असेल तर आणखी उत्तम, कारण वेगळेपणामुळे कान जागे राहतात. दुसरे म्हणजे रोजची टिपणे रोज लिहायची, त्यात पाहिलेले, ऐकलेले आणि स्वतःला वाटलेले हे तीन भाग वेगळे ठेवायचे आणि महिन्यातून एकदा ती मार्गदर्शकांना दाखवायची. टिपणांच्या प्रती एकाच ठिकाणी ठेवू नयेत. मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूरजवळच्या गावातील क्षेत्रकार्यावरून तयार केलेली टिपणे १९७० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत प्रतींसह जळाली आणि त्यांना पुढचे लेखन स्मरणातून करावे लागले. आपल्याजवळ आज मोबाइल आणि पेनड्राइव्ह आहे. एक प्रत गावात, एक नागपुरात आणि एक मार्गदर्शकांकडे असावी.

विषय आपण फार चांगला निवडला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. तेलंगणातील आसिफाबाद भाग चंद्रपूर जिल्ह्याला लागून आहे. तेथे १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचे नेते कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. आदिवासी एवढे का पेटून उठले, हे समजून घेण्याचे काम निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाकडे सोपवले. ते मार्लवाई गावात राहिले, गोंडी शिकले, जमिनी बाहेरच्यांच्या हाती कशा गेल्या त्याच्या नोंदी त्यांनी केल्या. पुढे मार्लवाईलाच गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले, गोंडीतून वाचनपुस्तके तयार झाली आणि अनेक कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. शाळेत मूल टिकायचे असेल तर पहिली अक्षरे त्याच्या भाषेत हवीत आणि शिकवणारा त्याच्यातला हवा, हे ऐंशी वर्षांपूर्वी आपल्या सीमेलगत करून पाहिलेले काम आहे. विदर्भातील आश्रमशाळांत आज काय घडते, पहिलीतल्या गोंड मुलाशी शिक्षक कोणत्या भाषेत बोलतात, स्वयंपाकी आणि चौकीदार कोणत्या भाषेत बोलतात आणि मूल कोणाजवळ जाऊन रडते, हे आपण नोंदवावे. नागपूरच्या अपर आयुक्त, आदिवासी विकास यांच्या कार्यालयाची परवानगी शाळेत बसण्यासाठी लागेल. अर्ज लवकर करावा आणि सोबत विद्यापीठाचे पत्र जोडावे.

एक सावधगिरी मात्र विसरू नये. आपण जे लिहाल ते केवळ परीक्षक वाचतील असे नाही. विदर्भात जमातीच्या दाव्यांचा प्रश्न किती नाजूक आहे, हे आपल्याला माहीत आहे. हलबा-कोष्टींना अनुसूचित जमाती मानायचे का, या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००० मध्ये दिलेला निकाल आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये नागपुरात अनुसूचित जमातीचा दर्जा मागणाऱ्या मोर्चात ११४ गोवारी बांधवांचे गेलेले प्राण यांची आठवण या शहरात ताजी आहे. अशा दाव्यांत मध्य प्रांतातील जाती-जमातींविषयीच्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ मधील नोंदींपासून ते अलीकडच्या प्रबंधांपर्यंत सगळे पुरावा म्हणून पुढे येऊ शकते. चालीरीतींवरून जमातीशी जवळीक तपासणारी ॲफिनिटी टेस्ट ही अंतिम कसोटी नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही कोणाच्या घरी कोणते देव आहेत आणि कोणती प्रथा सुटली आहे, हे नावानिशी लिहिताना त्याचा उद्या काय उपयोग केला जाईल याचा विचार झालाच पाहिजे. गावाचे आणि माणसांचे नाव बदलणे पुरेसे नसते. लहान तालुक्यात एवढ्या तपशिलावरूनही माणूस ओळखू येतो.

वाचनासाठी नागपुरात सेमिनरी हिल्स परिसरात भारतीय मानवविज्ञान सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्रीय केंद्र आहे. ही संस्था १९४५ मध्ये स्थापन झाली असून तिचे मुख्यालय कोलकात्यास आहे. केंद्राच्या ग्रंथालयात वाचायला बसण्याची परवानगी मागावी. आपल्या विषयावर पूर्वी काय झाले, ते 'शोधगंगा' या संकेतस्थळावरील प्रबंधांत पाहता येईल. दहा-बारा प्रबंध वाचले की एकच वाक्य प्रबंधामागून प्रबंधांत कसे फिरते तेही दिसेल आणि ते आपण लिहायचे नाही हे कळेल.

प्रश्न : माझ्या मुलीला मानवशास्त्रात डॉक्टरेट करायची आहे. माझे नागपुरात छोटे दुकान आहे. पाच-सहा वर्षे शिकून पुढे नोकरी मिळेल का आणि तोपर्यंत खर्च कसा भागेल? परदेशात जाणे बरे का?
— एक पालक, इतवारी, नागपूर

उत्तर : मोजके बोलतो. नेट-जे.आर.एफ. मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये, शिवाय नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. ते मिळाले नाही तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची विद्यावेतने आहेत आणि त्यांपैकी महाज्योतीचे मुख्यालय नागपुरातच आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय फेलोशिप आहे. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची डॉक्टरल फेलोशिपही पाहावी. विद्यावेतनाचे हप्ते कधी कधी उशिरा जमा होतात, म्हणून सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा. क्षेत्रकार्याचा प्रवास, गावातील राहणे, ध्वनिमुद्रणांचे लिप्यंतर हा खर्च बहुतेक कुटुंबे हिशेबात धरत नाहीत आणि मग चौथ्या वर्षी मुले अडचणीत येतात.

नोकरीविषयी पालकांना खोटा दिलासा देणे मला योग्य वाटत नाही. मानवशास्त्राचे विभाग थोडे, त्यातही भरती अनियमित. त्यामुळे केवळ प्राध्यापकपद डोळ्यांसमोर ठेवून हा विषय घेऊ नये. नेट किंवा सेट (राज्य पात्रता परीक्षा) मात्र आधीच उत्तीर्ण करून ठेवावी. अध्यापनाबाहेर काम आहे आणि ते वाढतेही आहे : मानवविज्ञान सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, भोपाळचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय, आरोग्य आणि शिक्षणातील संस्था. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आवश्यक केले आहे आणि ते काम नीट करणारी माणसे कमी आहेत. महाराष्ट्रात या कामाची परंपराही आहे. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे सर्वेक्षण करून ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा 'सामाजिक परिणाम मूल्यांकन' हा शब्दही आपल्याकडे रुळलेला नव्हता. गोसीखुर्द धरणासारखा प्रकल्प विदर्भात आहे, मेळघाटातील कोरकू गावांचे पुनर्वसन आहे, २०२३ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे उदाहरण पाहा : रक्त तपासणे सोपे, पण वाहक असल्याची चिठ्ठी हाती पडल्यावर मुलीचे लग्न जमवताना ती चिठ्ठी दाखवायची की लपवायची, हे घरात कसे ठरते, ते कळल्याशिवाय समुपदेशन चालत नाही. असे काम करू शकणाऱ्या व्यक्तीला नागपुरात बसून काम मिळू शकते, मात्र ते बहुधा कंत्राटी आणि प्रकल्पापुरते असेल, हे समजून घ्यावे.

परदेशाचे म्हणाल तर अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठात १९८४ पासून उपयोजित मानवशास्त्राची स्वतंत्र पीएच.डी. आहे आणि तेथील विभागांत अध्यापन-साहाय्यक म्हणून काम करून शुल्क व निर्वाहखर्च भागवण्याची पद्धत आहे. अशी हमी असलेला प्रवेश मिळाला तरच जावे. कर्ज काढून या विषयातील डॉक्टरेटसाठी परदेशी जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भारतात नोंदणी करून फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपवर सहा ते नऊ महिने अमेरिकेत अभ्यास करणे हा मधला मार्ग अनेकांना अधिक सोयीचा पडतो.

प्रश्न : मी ग्रामसभेच्या वनहक्क समितीत आहे. कामानिमित्त नागपूरला नेहमी येणे होते. आमच्या गावात पीएच.डी. करणारी मुले येतात, फोटो घेतात, म्हाताऱ्यांकडून जडीबुटीची माहिती लिहून नेतात आणि परत दिसत नाहीत. ग्रामसभेने काय मागावे? नाही म्हणता येते का?
— एक ग्रामसभा सदस्य, गडचिरोली जिल्हा

उत्तर : संशोधकांनी विचारायला हवा होता तो प्रश्न आपण विचारला आहे, म्हणून हे पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. होय, नाही म्हणता येते. संशोधनात भाग घेणे हे प्रत्येक माणसाच्या संमतीवर अवलंबून असते, ही संमती त्याला समजेल अशा भाषेत माहिती दिल्यानंतरच घ्यायची असते आणि ती मध्येच केव्हाही मागे घेता येते. आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत आणि त्यांनुसार नैतिकता समितीची मंजुरी लागते. गावाच्या प्रमुखाने हो म्हटले म्हणजे घरातल्या सुनेने हो म्हटले असे होत नाही. तसेच माणसांनी एकेकट्याने हो म्हटले म्हणजे गावाच्या सामाईक ज्ञानावर संशोधकाचा हक्क येत नाही.

जडीबुटीच्या बाबतीत आपली बाजू कायद्यानेही भक्कम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क मान्य केलेला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. ती नोंदवही आधी आपण तयार करावी. कोणती वनस्पती, कोणत्या आजारावर, कशी, हे प्रबंधात छापायचे की नाही, हे ग्रामसभेने ठरवावे. ते नोंदवहीत गावापुरते ठेवून प्रबंधात फक्त 'अमुक प्रकारची औषधे वापरली जातात' एवढेच लिहिण्याची अट घालता येते.

आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडे पाहावे. या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्याआधी अनेक वर्षे तेथे गावकऱ्यांचे अभ्यासगट चालत होते आणि बाहेरून येणारी माणसे त्या गटांत बसून बोलत, शिकत. तेथे अभ्यास करणारा आणि ज्यांच्याविषयी अभ्यास करायचा ते, अशी विभागणी गावाने होऊ दिली नाही. संशोधकाने विषय घेऊन येण्याऐवजी गावाने विषय सुचवावा, हे यातून शिकता येते. बांबू विक्रीचा हिशेब कसा राहतो, मोहाला भाव का मिळत नाही, तरुण सभेला का येत नाहीत, यांवर संशोधन झाले तर त्याचा गावाला उपयोग आहे. विद्यापीठाला असे विषय चालतात. कित्येकदा विद्यार्थ्याला ते सुचत नाहीत एवढेच.

संशय घेण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेही लिहायला हवे. इंग्रज काळात माणसांची डोकी मोजून, जमातींच्या याद्या करून जो अभ्यास झाला, त्याच काळात आणि त्याच वृत्तीतून काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पारध्यांसारख्या समाजांनी तो १९५२ पर्यंत सोसला. मानवशास्त्राने लोकांविषयी लिहिले आणि लोकांनी त्याची किंमत मोजली, असे घडलेले आहे. म्हणून लेखी करार मागणे हा उद्धटपणा नव्हे. करारात संशोधकाचे आणि मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ, विषय, राहण्याचा कालावधी, फोटो आणि ध्वनिमुद्रण कोणाकडे राहील, गावाचे खरे नाव छापायचे की नाही आणि निष्कर्ष ग्रामसभेत कधी सांगायचे, हे असावे. निष्कर्ष प्रबंध सादर होण्यापूर्वी सांगितले जावेत, म्हणजे चुकीचे लिहिले असेल तर दुरुस्त करता येते. प्रबंध इंग्रजीत असेल तर दहा-पंधरा पानांचा मराठी सारांश आणि त्याचे गोंडीतून तोंडी वाचन मागावे. दुभाष्याचे आणि वाटाड्याचे काम करणाऱ्याला मजुरी मिळावी. माहिती सांगणाऱ्या म्हाताऱ्यांचा रोजगार बुडत असेल तर त्याचाही विचार व्हावा.

ग्रामसभेच्या कार्यालयात एक वही ठेवावी आणि येणाऱ्या प्रत्येक संशोधकाची नोंद त्यात करावी. ज्यांनी पूर्वी माहिती नेली आणि काही परत दिले नाही, त्यांची नावे आठवत असतील तर आपल्या शाळेच्या शिक्षकांना किंवा शिकलेल्या मुलांना 'शोधगंगा'वर विद्यापीठाच्या, संशोधकाच्या किंवा तालुक्याच्या नावाने शोधायला सांगावे. प्रबंध मंजूर झाला की विद्यापीठाने तो तेथे ठेवायचा असतो. तो सापडला तर पहिल्या पानावर मार्गदर्शकांचे आणि विभागाचे नाव असते. त्या विभागाच्या पत्त्यावर ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून मराठी सारांशाची मागणी करावी.